चारचाकी ट्रॉलीला दोष देऊ नका

गाडी पुढे नेणं हेच खरं चालवणं आणि मागे घेणं म्हणजे अडकल्यावर करायची कसरत, असा आपल्याकडे एक समज आहे. या समजापायी चांगल्या, टिकाऊ वस्तू भंगारात जाताना मी पाहतो आहे. आज ज्या वस्तूबद्दल लिहितोय ती कुणाला अगदी किरकोळ वाटेल. लहान ट्रॅक्टरमागे जोडायची चार चाकांची छोटी ट्रॉली. पण विषय लहान असला म्हणून त्यात विचार करण्यासारखं काही नसतं असं नाही. शाळेत पस्तीस वर्षं घालवल्यावर एवढं तरी मला कळलं आहे.

माझ्या धाकट्या भावाची बदलापूरच्या बाहेर, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे थोडी जमीन आहे. भात, थोडी भाजी, आंबा, चिकू आणि बांधावर जांभळाची झाडं. (बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे जाता जाता अभिमानाने सांगतो.) त्याच्याकडे एक जुना मिनी ट्रॅक्टर आहे आणि त्याच्यामागे जोडायला ही ट्रॉली. अंबरनाथच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली. लोखंडी चॅनेलचा सांगाडा, वर सागाच्या फळ्या, पुढची दोन चाकं दांड्याबरोबर वळणारी आणि मागची दोन स्थिर. २६ जुलै २००५ च्या पुरात ती दोन दिवस चिखलात होती. त्यानंतर थोडी वापरली, मग गोठ्यामागे पडून राहिली.

आता प्रश्न असा आला की तिचं करायचं काय. पुतण्याचं म्हणणं, "काका, ही मागे घेताच येत नाही. पुढचा अॅक्सल कापून टाकू, चाकं मधे घेऊ, दोन चाकांची करून टाकू. नाहीतर सरळ भंगारात." भावाचं म्हणणं, "दादा, तू तरी सांग त्याला." मी काही मेकॅनिक नाही. मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. तरीही मी ठामपणे सांगितलं की कापू नका, दुरुस्त करा आणि मागे घ्यायला शिका. का, ते इथे सविस्तर मांडतो.

आपल्या भाषेला दोन चाकांच्या गाडीचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्याचं आहे. बैलगाडीत भार मागे जास्त झाला की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार पुढे जास्त झाला की ती 'धुरजड' होते आणि सगळं वजन बैलांच्या मानेवर येतं. चांगला गाडीवान भरतानाच पोती मागेपुढे सरकवून समतोल साधायचा. हे शब्द आता शहरातल्या मुलांना माहीत नाहीत, पण त्यामागचं शास्त्र कुठे गेलेलं नाही. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली की बैलाच्या मानेची जागा ट्रॅक्टरचा हूक घेतो. ट्रॉली धुरजड झाली तर ट्रॅक्टरचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. चढावर तर ती जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, उपयोग नाही. मोठ्या ट्रॅक्टरला अंगचंच वजन भरपूर असतं, त्याला हे चालून जातं. लहान ट्रॅक्टरला चालत नाही.

चार चाकांच्या ट्रॉलीचं वजन तिचं तीच पेलते. हुकावर फक्त ओढ येते, भार येत नाही. शिवाय ट्रॅक्टर सोडवला तरी ती आपल्या पायांवर उभी राहते. टेकू लावा, दांडा उचलून धरा, भरलेली ट्रॉली उलाळ होईल म्हणून कुणाला तरी पुढे बसवा, यातलं काहीच करावं लागत नाही. माझा भाऊ सत्तरीचा आहे. शेतावर मजूर रोज मिळतो असं नाही. ट्रॉली सपाट जागी उभी करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून, आपल्या सवडीने एक एक टोपली तिच्यात टाकणं त्याला एकट्याला जमतं. दोन चाकांची केली तर हे सुख जाईल आणि पुतण्या नोकरीसाठी मुंबईच्या लोकलमध्ये असेल तेव्हा धरायला दुसरं कुणी नसेल. कापाकापीचा निर्णय घेताना हा हिशेब मनात धरायला हवा.

आता तिच्या दुरुस्तीबद्दल. जुनी वस्तू उभी करायची म्हटलं की लोक पहिल्यांदा रंगाचा डबा आणतात. तो सगळ्यात शेवटी आणावा. आम्ही ट्रॉली आधी उलटी केली, धुतली आणि तारेच्या ब्रशने गंज काढला. गंज काढल्यावरच कळतं की लोखंड किती उरलं आहे. सांगाडा शाबूत होता. एका कोपऱ्यात वेल्डिंगला चीर गेली होती, ती नव्याने भरून घेतली. चाकांची बेअरिंग पुराच्या गाळाने संपलीच होती. ती चारही बदलली. एकच खराब आहे म्हणून एकच बदलणं ही काटकसर नव्हे, हे मला त्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी सांगितलं आणि पटलं. खालच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या नव्या घातल्या आणि दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला बोटभर फट ठेवली. मग रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर रंग.

पण खरा आजार निघाला पुढच्या भागात. पुढचा अॅक्सल ज्या उभ्या पिनेवर फिरतो ती पीन आणि तिच्याभोवतीचा बुश झिजून दोघांत चांगलाच खुळखुळाट झाला होता. दांडा अॅक्सलला जिथे जोडतात तिथेही तेच, आणि हुकाची पीन तर भोकापेक्षा बरीच बारीक, कुणीतरी वेळ मारून नेण्यासाठी घातलेली. पुढे ओढताना हा खुळखुळाट जाणवत नाही, कारण ओढ सगळं ताणून सरळ ठेवते. मागे ढकलताना मात्र प्रत्येक सांध्यातला प्ले आधी एका बाजूला जातो, मग गाडी वळते. म्हणजे तुम्ही स्टिअरिंग वळवता आणि काहीच होत नाही. आणखी वळवता आणि एकदम भलतंच होतं. 'मागे घेताच येत नाही' या तक्रारीतला निम्मा भाग या तीन झिजलेल्या पिनांचा होता! लेथवर नवे बुश आणि पिना करून घेतल्या, ग्रीस भरायला निपल बसवले, आणि ट्रॉलीचा स्वभावच बदलला. आमच्या लहानपणी गाडीच्या आखाला वंगण घालायला नळकांडं टांगलेलं असायचं. वंगण विसरलेल्या गाडीची कुरकुर अख्ख्या गावाला ऐकू जायची. लोखंडी सांधा कुरकुरत नाही, तो गुपचूप झिजतो, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

हे काम आमच्या भागात अजून होतं ही मोठी गोष्ट आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. उघड्यावर आलेल्या माणसांनी जे मिळेल ते दुरुस्त करून, नवं बनवून, विकून शहर उभं केलं. अंबरनाथला स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. त्यांच्या आसपास फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या तयार झाल्या. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथचे हे दोन शेजारी कारखानेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. पण हातातलं कसब आदेशाने येत नाही आणि जातही नाही. ते जातं गिऱ्हाईक संपल्यावर. आपण प्रत्येक वस्तू कापून भंगारात देऊ लागलो, तर दोन शतांश मिलिमीटरचा फरक बोटांनी सांगणारा टर्नर कुणासाठी दुकान उघडून बसेल?

आता मुख्य मुद्दा, मागे घेण्याचा.

दोन चाकांची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. समजा एका बाजूला विहीर आहे आणि दुसऱ्या बाजूला भिंत. ट्रॅक्टरचा मागचा हूक विहिरीकडे सरकला की ट्रॉलीची शेपटी भिंतीकडे जाते. मधे एक सांधा आहे, तो दिशा उलटी करतो. चार चाकांच्या ट्रॉलीत सांधे दोन. एक हुकापाशी आणि दुसरा पुढच्या अॅक्सलच्या पिनेपाशी. म्हणजे उलट्याचं उलटं. दांड्याचं टोक विहिरीकडे नेलं तर पुढची चाकं तिरपी होऊन ट्रॉलीचं तोंड भिंतीकडे जातं आणि शेपटी विहिरीकडे वळते. थोडक्यात, चार चाकांची ट्रॉली सुरुवातीला मोटारीसारखीच वागते. ज्या बाजूला शेपटी न्यायची त्याच बाजूला स्टिअरिंग. मराठीच्या मास्तराला हे समजायला अवघड नाही. 'नाही' हा एक नकार. 'आल्याशिवाय राहणार नाही' यात दोन नकार, आणि अर्थ होतो 'नक्की येईन'. गणिताचे मास्तर ऋण गुणिले ऋण म्हणतील. गोष्ट एकच. पुतण्याची अडचण ही होती की तो गावातल्या मोठ्या दोनचाकी ट्रॉलीवर शिकला होता आणि तीच सवय इथे वापरत होता. पहिल्याच फुटात ट्रॉली उलटीकडे जायची, आणि दोष ट्रॉलीचा!

अवघड भाग पुढे आहे. ढकलताना तिरपेपणा आपोआप वाढत जातो, कमी होत नाही. म्हणून शेपटी हवी तिकडे वळायला लागली की लगेच स्टिअरिंग उलट बाजूला थोडं आणून दांडा सरळ करायला घ्यायचा. 'थोडं' हा शब्द महत्त्वाचा. सगळ्यात खालचा गिअर, गोगलगायीचा वेग, आणि हाताची हालचाल चाक दिसेल न दिसेल इतकी. दांडा फारच तिरपा झाला तर जोर करायचा नाही. थांबायचं, चार पावलं पुढे घ्यायचं, सगळं एका रेषेत आणायचं आणि पुन्हा सुरुवात. पुढे घेऊन सरळ करण्यात कमीपणा नाही. जोर केला तर दांडा वाकतो, नाहीतर ट्रॅक्टरच्या टायरवर चढतो.

यासाठी मी त्याला एक अभ्यास दिला. ट्रॅक्टर बाजूला ठेव, रिकामी ट्रॉली सपाट अंगणात घे, दांडा हातात धर आणि हाताने ढकलत मागे ने. आता सांधा एकच उरला. टोक इकडे नेलं की शेपटी कुठे जाते हे हाताला कळतं. अर्धा तास असं केल्यावर मगच ट्रॅक्टर जोड. पाटीवर अक्षर गिरवल्यावर वहीत लिहायचं, तसंच हे. चौथ्या दिवशी त्याने ट्रॉली गेटमधून गोठ्यापर्यंत मागे नेली. वाटेत तीनदा पुढे घेऊन सरळ केली, पण नेली.

दांडा जितका लांब, तितका तिरपेपणा सावकाश वाढतो, हेही लक्षात ठेवावं. पुतण्याने आखूड दांडा लावायचं मनात आणलं होतं, 'वळायला सोपं' म्हणून. पुढे वळायला असेल, मागे ढकलायला नक्कीच नाही. आणि जिथे जागा फारच अरुंद आहे तिथे ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला एक हूक बसवून ट्रॉली समोरून ढकलत नेता येते. मान वळवावी लागत नाही, ट्रॉली डोळ्यांसमोर राहते. मानेचा त्रास असलेल्या माणसाला हा उपाय फार सोयीचा.

दोनचाकी करण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते नाकारत नाही. ज्याच्याकडे मोठा ट्रॅक्टर आहे, ज्याला खडी किंवा माती उलटून टाकायची आहे, ज्याची जमीन खाचखळग्यांची आहे, त्याने दोन चाकांचीच ट्रॉली घ्यावी. चारचाकीचा आणखी एक दोष सांगतो. आमच्या ट्रॉलीसारखा अख्खा पुढचा अॅक्सल जिथे पिनेवर फिरतो, तिथे पूर्ण वळणावर पुढच्या दोन चाकांचा आधार एका रेषेत मधोमध येतो आणि गाडी जणू तिवईवर उभी राहते. वर भार उंच रचला असेल तर ती कलंडू शकते. यावर उपाय दोनशे वर्षांपूर्वीच निघाला. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने अॅक्सल स्थिर ठेवून फक्त चाकंच वळवायची युक्ती काढली आणि १८१८ मध्ये लंडनला अॅकरमनने तिचं पेटंट घेतलं. आजची प्रत्येक मोटार त्याच तत्त्वावर वळते. नवी ट्रॉली घेणाऱ्याने तशी घ्यावी. जुनी वापरणाऱ्याने भार खाली, पसरून ठेवावा आणि वळणावर घाई करू नये.

मागे जाण्याला कमी लेखणाऱ्यांना मी आपल्याच रेल्वेचं उदाहरण देतो. बदलापूरहून गाडी कर्जतला जाते आणि पुढे बोरघाट लागतो. १८६३ मध्ये तो घाट रेल्वेला खुला झाला तेव्हा सरळ चढून जाणं शक्य नव्हतं. म्हणून खंडाळ्याच्या अलीकडे एक रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघून पुढचा चढ चढायची. पुढे नवा मार्ग होईपर्यंत कित्येक दशकं मुंबई-पुणे प्रवास असा दिशा बदलून होत होता. नेरळ-माथेरानची १९०७ ची छोटी गाडी पाहा. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांचे अॅक्सल वळणावर थोडे वळतील असेच मुद्दाम बनवले होते, नाहीतर त्या तीव्र वळणांवर ती चाललीच नसती. सांधा हा दोष आहे असं त्या इंजिनिअरांना वाटलं नाही.

मला यात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही ट्रॉली मागे घ्यायची वेळच कुणावर येत नव्हती. रान मोकळं होतं, गोल फिरवून बाहेर काढायची. आता दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या आणि इमारतींच्या भिंती आल्या, वाट ट्रॅक्टरच्या रुंदीची उरली. वळायला जागा नाही म्हणून मागे घ्यावं लागतं. बदललं आहे बदलापूर, ट्रॉली आहे तशीच आहे. माणसाच्या बाबतीतही आपण हेच करतो. भोवतालची जागा आपणच आवळतो आणि मग म्हाताऱ्यांना म्हणतो, तुम्हाला वळता येत नाही.

असो. जे कुणी अशी जुनी ट्रॉली बाळगून आहेत त्यांना कळकळीने काही गोष्टी सांगतो. गॅस कटर आणण्याआधी पिना आणि बुश तपासा. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर भार ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा कमीच ठेवा, आणि उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका, खालच्या गिअरमध्येच उतरवा. मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर लावा, मग ट्रॉली शेताबाहेर जाणार नसली तरी चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मागे घेताना ट्रॉलीच्या मागे कुणालाही उभं करू नका. 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारा माणूस बाजूला, चालवणाऱ्याला दिसेल असा उभा हवा. तो दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. घरातली लहान मुलं तेवढा वेळ ओट्यावर. लोखंडाचा सांधा लेथवर नवा करता येतो. माणसाचं तसं नसतं.